एकविसावा दिवस उलटला, पिल्लं कुठंय? इन्क्युबेटरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : घरच्या घरी कोंबडीची दहा-बारा अंडी उबवायची आहेत. बिनपंख्याचं साधं यंत्र घेऊ, की पंखा आणि आपोआप अंडी फिरवणारं?

पैसे वाचवायचेच असतील तर अंडी फिरवण्याच्या सोयीत वाचवा, पंख्यात नको. पंखा नसला की गरम हवा वर साठते आणि तळ थंड राहतो. अशा यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीवर साधारण ३८.५ अंश सेल्सिअस राखावे लागतात, आणि थर्मामीटर दोन बोटं वर-खाली झाला तरी आकडा बदलतो. पंख्याच्या यंत्रात सगळीकडे ३७.५ धरलं की झालं.

अंडी मात्र हातानेही फिरवता येतात. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटा. विषम आकडा अशासाठी, की रात्रीच्या लांब पल्ल्यात रोज तीच बाजू वर राहू नये. फिरवलं नाही तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. दिवसभर घराबाहेर असाल तर मात्र आपोआप फिरवणारंच घ्या.

दुकानदार सांगत नाही ती गोष्ट म्हणजे सफाई. पिल्लं निघाल्यावर यंत्रात लव, कवचं आणि चिकट घाण उरते. थर्माकोलच्या पेटीत ती मुरते, प्लॅस्टिकची धुऊन निघते. आणि झाकण पारदर्शक हवं. आत दिसत नसलं की माणूस उघडून बघतोच.

प्रश्न : पडद्यावर कायम ३७.५ दिसतं. तरीही पिल्लं तेविसाव्या दिवशी निघाली, तीही मोजकीच आणि मलूल. अंडी वाईट होती का?

अंड्यांवर आळ घेण्याआधी पडद्यावर संशय घ्या. यंत्रातला सेन्सर अर्ध्या-एक अंशाने चुकीचा असणं अगदी नेहमीचं आहे, आणि एवढा फरक गर्भाला पुरतो. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. सगळी पिल्लं उशिरा निघाली तर तापमान कमी होतं असं समजा, एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीच निघू लागली तर जास्त. फार शिळ्या अंड्यांनाही थोडा उशीर होतो, पण सबंध घाणाच दोन दिवस मागे पडला तर मी आधी थर्मामीटरच तपासतो.

तपासणं सोपं आहे. पेल्यात कोमट पाणी घ्या. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणि यंत्रात ठेवायला आणलेला वेगळा थर्मामीटर, दोघांची टोकं शेजारी-शेजारी बुडवा. पाणी ३७-३८ अंशांच्या आसपास असताना दोघांत जो फरक दिसेल, तो कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवा. मग तो थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून यंत्र रिकामंच एक दिवस चालवा. स्थिर राहिलं, तरच अंडी ठेवा.

प्रश्न : यंत्रातली पाण्याची खाच कधी कोरडी पडू दिली नाही, हवेची भोकंही बुजवली. शेवटी पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच मेली. कमी कुठं पडलो?

कमी नाही, जास्त पडलं. उबवताना अंड्यातलं पाणी थोडं उडून जावंच लागतं. त्या जागी बोथट टोकाला हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथे घेतं. तुमच्या यंत्रात ओल इतकी, की पोकळी लहानच राहिली. वर भोकं बुजवल्यामुळे मोठ्या झालेल्या गर्भांना प्राणवायूही पुरेना. भोकं कधीच बुजवू नका.

पहिले १८ दिवस आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. पण आर्द्रतामापकांवर माझा थर्मामीटरपेक्षाही कमी भरवसा आहे. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन चिखलासारखं ओलं करा, मापकासोबत बंद डब्यात आठ तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा.

त्याहून खरा साक्षीदार म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्यांचं वजन साधारण १२ टक्क्यांनी घटावं. म्हणजे दहा अंडी सुरुवातीला ६०० ग्रॅम भरली, तर सातव्या दिवशी ५७२ च्या आसपास आणि अठराव्या दिवशी ५२८ च्या आसपास. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा.

प्रश्न : बाराव्या रात्री तीन-चार तास वीज नव्हती. सगळी अंडी टाकून देऊ?

अजिबात नको. खुडूक कोंबडीही रोज दाणापाण्यासाठी घरट्यातून उठतेच. गर्भ थंडी बऱ्यापैकी सोसतो, उष्णता नाही. काही तास ४० अंशांच्या वर गेलं तर घाणा संपला. म्हणून वीज आल्यावर ‘भरपाई’ म्हणून तापमान वाढवू नका. पुन्हा वीज गेली तर भोकं मोकळी ठेवून वरून गोधडी टाका.

चार दिवसांनी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरा. शिरा ठळक आणि आतली सावली हलती असेल तर जिवंत. शिरा विरून रक्ताचं कडं उरलं असेल, तर ते अंडं काढून टाका.

प्रश्न : फ्रिजमधली अंडी चालतील का?

दुकानातली बहुतेक अंडी फलितच नसतात. कोंबडा असलेल्या कळपातली, आठवड्याच्या आतली, न धुतलेली अंडी घ्या. टोकदार बाजू खाली करून १५ अंशांच्या आसपास ठेवा. प्रवासातून आली असतील तर बारा तास निवांत ठेवून मग यंत्रात घाला.

प्रश्न : कवचाला भोक पडून दहा तास झाले. आतून चिवचिव ऐकू येते, पुढे काही नाही. कवच सोलू का?

हात मागे घ्या. भोक पाडल्यावर पिल्लू बराच वेळ नुसतं पडून राहतं. त्या वेळात पापुद्र्याच्या शिरांमधलं रक्त अंगात ओढलं जातं आणि उरलेला बलक पोटात जातो. याला २४ तासही लागू शकतात. मी पहिल्याच घाण्यात न राहवून नखाने कवच उचललं होतं. बोटाला रक्त लागलं, आणि ते पिल्लू संध्याकाळपर्यंतही जगलं नाही.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं थांबलं की झाकणही बंद. उघडलं की ओलावा निसटतो आणि बाकीच्या अंड्यांतला पापुद्रा वाळून पिल्लांना आवळतो. आधी निघालेली पिल्लं उपाशी मरतील ही भीती नको. बलकावर ती दोन दिवस सहज काढतात. त्यांची लव कोरडी होऊन फुलली की एकदमच बाहेर काढा. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारा दिव्याचा खोका, मात्र त्याआधीच ३५ अंशांवर तापलेला हवा. त्यात ती एकमेकांवर चढून गठ्ठा करू लागली तर दिवा खाली घ्या, कडेला पांगून चोची उघडून बसली तर वर.