पडद्यावरचा आकडा तळटीपेत लिहू नका

ताई, किंडलवर पान दिसत नाही, नुसतं 'लोकेशन', म्हणजे मजकुरातली जागा सांगणारा किंडलचा स्वतःचा आकडा, दिसतं, मार्गदर्शक मात्र पृष्ठ क्रमांक मागतात आणि प्रबंध दोन महिन्यांवर आलाय, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. मी याच खड्ड्यात पडलो होतो.

लेखक, प्रकाशक, वर्ष हे तुम्ही लिहीत असणारच, त्यात शिरत नाही.

मी तेव्हा दांडिया बाजारातल्या घरी रात्री फोनवर इपब, म्हणजे एका प्रकारचं ई-पुस्तक, वाचायचो, अक्षर मोठं करून. खाली '६१२ पैकी ४०८' असं यायचं. मी ४०८ उतरवून घेतलं. असं वर्षभर केलं. छापील पुस्तक होतं ३४० पानांचं! इपबमधला मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो, अक्षर वाढवलं की पानं वाढतात. तो आकडा माझ्या फोनचा होता, पुस्तकाचा नव्हता. परीक्षकांनी एक तळटीप ताडून पाहिली आणि सगळ्याच संदर्भांवर शंका घेतली. १३० तळटीपा पुन्हा केल्या.

दुरुस्ती म्हणून 'प्रकरण ४, परिच्छेद १२' असं लिहिलं. एपीए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीची २०१९ची सातवी आवृत्ती हेच सांगते आणि किंडलचं लोकेशन देऊ नका म्हणते. एमएलए या दुसऱ्या पद्धतीलाही उपकरणागणिक बदलणारे आकडे चालत नाहीत. पण जमा करायच्या खिडकीवर 'पृष्ठ क्रमांकाचा रकाना रिकामा आहे' म्हणून प्रबंध परत. एकदा नाही, तीनदा. त्यांच्याच नियमावलीत एपीए वापरा असं छापलेलं होतं. ते पान उघडून समोर धरलं, तरी कोणी मान वर केली नाही. संस्थेचं नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. यात माझं एक सत्र गेलं.

शेवटी आपल्या बडोद्याच्या, १९१० सालच्या सेंट्रल लायब्ररीत छापील प्रत मिळाली. चार दुपारी बसून उतारे जुळवले, तर दोन उताऱ्यांत शब्दच वेगळे! माझं ई-पुस्तक सुधारित आवृत्तीचं होतं. म्हणून नुसतं छापील पान शोधून चिकटवू नका. आवृत्ती तीच असेल तरच ते पान द्या, नाहीतर जे वाचलं तेच सांगा. काही किंडल पुस्तकांत खरी पानं असतात आणि ती कुठल्या छापील आवृत्तीची, तिचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विक्रीच्या पानावर दिलेला असतो. आधी ते बघा. नसेल तर प्रकरण, उपशीर्षक आणि परिच्छेद. परिच्छेद आजच मोजून ठेवा, शेवटी मोजायला बसाल तर डोळे जातील.

किंडलवर केलेल्या अधोरेखितांच्या भरवशावरही राहू नका. प्रकाशकाने घातलेली मर्यादा ओलांडली की पुढचे उतारे बाहेर काढता येत नाहीत. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ती उघडणाऱ्या अ‍ॅपच्या पट्टीवरचा आकडा नको, पानावर छापलेला घ्या. प्रस्तावनेची पानं बहुधा वेगळी मोजलेली असतात.

हा माझा अनुभव. तुमच्या विषयात संदर्भांची शिकागो पद्धत असेल तर नियम थोडे सैल आहेत, तिथे लोकेशनही चालवून घेतात, आणि शेवटचा शब्द मार्गदर्शकांचाच. मात्र त्यांनी प्रकरण-परिच्छेद मान्य केलं तर ते एका ओळीत लिहून, सही घेऊन, प्रबंधासोबत जोडा. माझ्या मार्गदर्शकांनी तोंडी होकार दिला होता, तो खिडकीवर दाखवता आला नाही.