वाचकांचे प्रश्न: पावसाळा सरतानाची चराई

प्रश्न: पारनेर तालुक्यात आमचे पाच एकर माळरान आहे. मारवेल, पवन्या आणि बरीचशी कुसळी. चार गाई मोकळ्या सोडतो, पण दिवाळीनंतर गवत उरत नाही. ते पुरवायचे कसे?

उत्तर: आधी गवत मोजा. रानात पाच ठिकाणी मीटरभर लांब-रुंद चौकोनातले गवत जमिनीलगत कापा, कडक वाळवा आणि वजन करा. सरासरी 200 ग्रॅम भरले तर एकरी सुमारे 800 किलो, पाच एकरांत 4,000 किलो कोरडे गवत झाले. त्यातले निम्मेच आपले. 300 किलो वजनाच्या गाईला रोज 8 किलो कोरडा चारा धरा, म्हणजे चौघींना 32 किलो. 2,000 किलो दोन महिने जातील. उरलेले निम्मे रानातच राहू द्या. या दिवसांत गवत पुढच्या वर्षीच्या फुटव्यासाठी बुडख्यात आणि मुळांत अन्न साठवते. आत्ता ते मुळापाशी खुरडले गेले, तर जूनमध्ये थोंब अशक्त फुटतो.

मोकळ्या चराईत गाई कोवळी मारवेल पुन्हा पुन्हा खुडतात आणि कुसळीला तोंड लावत नाहीत. म्हणून चांगले गवत विरळ होते अन् कुसळी पसरते. दोन एकरांचे चार तुकडे करून प्रत्येकात सहा-सहा दिवस चारा, गवत चार बोटे उरले की गाई हलवा. बाकीचे तीन एकर राखून कापा. कुसळी निसवू लागली की लगेच विळा लावा, कुसळ टणक होईपर्यंत थांबू नका. ते हिरड्यांत आणि जिभेखाली रुतते, जखम होते, गाय लाळ गाळते आणि चारा तोंडात घोळवत उभी राहते. कापणी उशिरा झालीच, तर कुसळ गळून पडेपर्यंत त्या भागात जनावर घालू नका.

दव उडाल्यावर कापा, पातळ पसरा, रोज उलथा. काडी पिळल्यावर ओल न लागता कटकन मोडली, तरच गंज रचा. ओले रचलेले गवत आतून तापते आणि बुरशी धरते.

प्रश्न: तळ्याकाठी चरणाऱ्या गाईच्या जबड्याखाली मऊ सूज आली आहे. घटसर्प असेल का?

उत्तर: घटसर्पाची सूज गरम व दुखरी असते, ताप चढतो, घशातून घरघर ऐकू येते. तसे असेल तर तासाभराचाही उशीर न करता डॉक्टर बोलवा. सूज थंड, न दुखणारी, सकाळी कमी अन् संध्याकाळी जास्त दिसत असेल, आणि गाय खंगत चालली असेल, तर यकृतातल्या चपट्या कृमींचा संशय घ्या. पाण्यातल्या गोगलगायींतून बाहेर पडलेल्या त्यांच्या अळ्या काठच्या गवताला चिकटतात. शेण तपासून घ्या. गोल जंतांचे नेहमीचे औषध इथे पुरत नाही. कोणते द्यायचे हे डॉक्टरांना विचारा, गाय गाभण किंवा दुभती आहे का तेही सांगा. काठाला कुंपण घाला आणि पाणी हौदात पाजा.