सुई त्यांच्या दंडात, कळ माझ्या

"ताई, मी वीस वर्षांची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेशंटला सुई टोचली की माझ्या दंडात टोचतं. कुणाच्या गालाला हात लागला तर माझ्याही गालाला लागतो. लहानपणापासून असंच आहे, सगळ्यांनाच होत असेल असं वाटायचं. मागच्या महिन्यात ड्रेसिंग बघताना चक्कर आली, तर सिस्टर म्हणाल्या, नाटकं बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात, अंगात येतंय, देवर्षीकडे नेऊ. आई विड्या वळून माझी फी भरते. ती दोरा आवळते तेव्हा माझ्या बोटाला काचतं. मी मलम आणलं, तर म्हणाली, 'बोट कशाला दुखंल गं? कंबर गेलीय माझी.' कोर्स सोडू का?"
– पूर्वभाग, सोलापूर

बाळ, तू नाटकं करत नाहीस आणि तुझ्या अंगात काही येतही नाही. देवर्षीकडे अजिबात जाऊ नकोस. तू लिहिलं आहेस त्यावरून हा मिरर-टच सिनेस्थेशिया वाटतो. गड्ड्याच्या जत्रेत पाळणा वरून खाली येतो तेव्हा खाली उभ्या माणसाच्याही पोटात गोळा येतो ना? दुसऱ्याला झालेला स्पर्श बघितला की मेंदूतला स्पर्शाचा भाग आपल्या सगळ्यांचाच थोडाफार जागा होतो. तुझा इतका जागा होतो की ते त्वचेवर जाणवतं. लंडनच्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा एका बाईची नोंद केली. २००७ मध्ये त्यांनी अशा लोकांच्या एका गालाला स्पर्श करून त्याच वेळी दुसऱ्याच कुणाच्या गालाला होणारा स्पर्श त्यांना दाखवला. खरा स्पर्श कुठे झाला हे सांगताना त्यांचा गोंधळ उडायचा. ठरवून असं चुकणं सोपं नाही, म्हणून तो पुरावा मला पटतो. शंभरात एक-दोघांना हे असतं.

आता आईचं बोट. तुझ्या पत्रातली हीच गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. वर्षानुवर्षं दोरा आवळून तिच्या बोटाला घट्टा पडलाय, तिथं तिला काही लागत नाही. काचलं ते तुला, तुझ्या कोवळ्या बोटाला. आणि जी कंबर खरंच दुखत होती ती तुला कळलीच नाही, कारण कंबरदुखी डोळ्याला दिसत नाही. तुला जे जाणवतं ते खरं आहे, पण ते तुझं आहे. पेशंटला काय होतंय ते त्यालाच विचारायचं. "कुठं दुखतंय काका?" हा प्रश्न तू कधीही गाळायचा नाहीस.

चक्कर मला वेगळी वाटते. जखम बघून पुष्कळ विद्यार्थ्यांना येते. ड्युटीला उपाशीपोटी जाऊ नकोस. डोळ्यापुढं अंधारी येतेय असं वाटलं की मांड्या आणि मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळ, सोड, पुन्हा आवळ. त्यानं खाली आलेलं बीपी सावरतं. तरी नाही थांबलं तर खाली बस, लाजू नकोस. सुई टोचताना नजर सिरिंजच्या आकड्यांवर आणि स्वतःच्या बोटांवर ठेव, पेशंटच्या चेहऱ्यावर नको. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यात दाबलास तर आपलं अंग कुठलं हे ध्यानात राहायला मदत होईल.

हे तुला लहानपणापासून आहे, म्हणून घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. तरी एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखव. मुंग्या, बधिरपणा, फिट असं काही नवीन सुरू झालं तर मात्र लगेच. झोप उडाली, ड्युटीच्या विचारानं रडू येऊ लागलं, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर बोल, पैसे पडत नाहीत.

कोर्स आत्ता सोडू नकोस. कॉलेजातल्या ज्या मॅडमवर तुझा विश्वास आहे त्यांना हे सगळं सांग. ड्रेसिंगच्या वेळी सुरुवातीला शेजारी उभं राहून बघू दे, म्हणून विनंती कर. एक टर्म असं काढ, मग मला पुन्हा लिही.

आणि मलम परत करू नकोस, कंबरेला चालणारं असेल तर तिथं लाव. आईला पाठीमागं भिंतीचा टेका मिळेल अशी जागा करून दे, तासाभरानं मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवून उठायला लाव.

– ताई