आधी त्या बाकावरून ऊठ

"मावशी, रोज संध्याकाळी दीड तास मुलांना घेऊन मैदानावर जाते. मुलगा चार वर्षांचा, मुलगी सातची. ती खेळतात आणि मी बाकावर बसून असते. तेवढ्या वेळात माझी किती कामं उरकतील! फोनवर ऑफिसचे मेल बघायला घेतले की मुलगा 'आई, बघ ना' करतो आणि मला अपराधी वाटतं. एखादा ऑनलाइन कोर्स लावू का? इथल्या बाकीच्या आया आपापसात बोलतात, माझ्याशी नाही. निघताना रोज रडारड. नवरा म्हणतो, आम्ही लहानपणी एकटेच खेळायचो, तूच उगाच मागे मागे असतेस."

चार दुखणी एका पत्रात आली आहेत खरी, पण मला त्यातलं एकच दिसलं. तू बसलेली आहेस! दिवसभर लॅपटॉपपुढे बसतेस, गाडीत बसतेस, मोकळ्या हवेत आलीस की पुन्हा बसतेस, आणि वर वेळ वाया जातो म्हणून कुरकुर.

तुझी ओढाताण मला कळत नाही असं समजू नकोस. तिकडे आपल्या मुलखात जिन्यावरची एखादी काकू, गॅलरीतली एखादी आजी डोळा ठेवून असायची. इथे परक्या मुलखात तो डोळा तूच, स्वयंपाकघर तूच आणि ऑफिसही तूच. म्हणून तर म्हणते, हा दीड तास मेलना देऊ नकोस. स्वतःच्या पायांना दे. फेऱ्या मार.

माझं हे फेऱ्यांचं वेड घरात सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे, असू दे. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा "वेळ कुठे आहे" हे उत्तर तयार होतं. मी मुलाचा चेंडू त्यांच्या हातात दिला आणि संध्याकाळचं मैदान त्यांच्या गळ्यात घातलं. वजन उतरलं, कुरकुरही उतरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगितली आहे. रोज अर्धा तास, पाच दिवस. तुझ्याकडे दीड तास आहे बाई! जोर पुरेसा आहे की नाही ते ओळखायला घड्याळही नको. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

आता तू म्हणशील, चार वर्षांच्या मुलाला सोडून कुठे फिरू? सोडून नाहीच फिरायचं. पूर्ण मैदानाला वळसा घातलास तर अर्धा वेळ त्याच्याकडे पाठ होईल. म्हणून घसरगुंडी-झोपाळ्याच्या भागालगत येरझारा घाल, आणि वळताना तोंड मुलांकडे ठेवून वळ. तो शिडी चढायला लागला की फेरी थांबव आणि खाली जाऊन उभी राहा. हात पोचेल इतक्या अंतरावर. तिथे उभ्या उभ्या टाचा वर-खाली कर, पोटऱ्यांना व्यायाम होतो. मुलगी जवळपास रमली असेल तेव्हा बाकाच्या पाठीवर हात टेकून पुशअप्स काढ. त्याच सूचनांत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण द्यायलाही सांगितलंय. तो बाक त्यासाठी चांगला आहे.

आणि हो, घसरगुंडीवरून त्याला मांडीवर घेऊन घसरू नकोस. प्रेमापोटी सगळेच करतात. पण मुलाचा बूट कडेला अडकतो, मागून मोठ्या माणसाचं वजन येतं आणि नडगीचं हाड मोडतं. एकट्याला जमत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी अजून मोठी आहे. सायकलवरून उतरून तो थेट चढायला धावला तर आधी हेल्मेट काढून घे, ते फटीत अडकून गळ्याला फास बसू शकतो.

फोनचं काय? पिशवीत. तू म्हणशील, एक डोळा मुलांवर असतोच. नसतो गं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांचा १९९९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना व्हिडिओतल्या चेंडूचे पास मोजायला सांगितले, मधून गोरिलाच्या वेशातलं माणूस चालत गेलं, आणि जवळजवळ निम्म्यांना ते दिसलंच नाही. समोर बघत होते तरी! मेल वाचताना तर तू समोरही बघत नसतेस. कोर्सचंही तेच. कानात दोन्ही बाजूंना बोंडं घालून व्याख्यान ऐकशील, आणि मुलांच्या बाबतीत रडण्यापेक्षा एकाएकी पडलेली शांतता जास्त घाबरवणारी असते, ती तुला ऐकू येणार नाही. कोर्स मुलं झोपल्यावर. मैदानाला लागून तळं किंवा पोहण्याचा हौद असेल तर त्या बाजूला खेळताना फेऱ्याही नकोत, माझं वेड तिथे मीही गुंडाळून ठेवते. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही.

मुलांचा तर फायदाच आहे. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं दिसण्यासाठी चष्मा लागण्याचं प्रमाण कमी दिसतं, म्हणून तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रमच आखला. ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तेव्हा आभाळ आलं म्हणून घरी बसू नका.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. बाकीच्या आया बोलत नाहीत? चालू लाग. माझ्या सासूबाई इकडे राहायला आल्या तेव्हा त्यांना इथली भाषा अजिबात येत नव्हती. मैदानाच्या कडेने फेऱ्या मारायला लागल्या तशी एक परकी आजी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून चालायला लागली. ही मराठीत सुनेची गाऱ्हाणी सांगे, ती तिच्या भाषेत. दोघींचं छान जमलं. माझं काय काय सांगितलं गेलं, ते मी विचारलं नाही.

निघायची सूचना पाच मिनिटं आधी दे आणि दिली की पाळ. एकदा "बरं, अजून थोडा वेळ" म्हणालीस की दुसऱ्या दिवशीची रडारड तूच पेरलीस.

नवऱ्याचं म्हणशील, तर "एकटेच खेळायचो" म्हणणाऱ्याला शनिवार-रविवारी दोन्ही मुलं घेऊन मैदानावर पाठव. बूट चांगले घालायला सांग. आणि तुझ्यासाठीही एक जोड घेच, चपला घालून येरझारा घातल्यास तर पुढच्या पत्रात टाचदुखी येईल.