हरला तर कुणाचं काय जातं?

सदर: कोर्टाची पायरी
(साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात ४१ वर्षं वकिली करून आता घरी बसलेले वकीलकाका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न: वकीलकाका, आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर एक मेसेज फिरतोय. अमेरिकेत एका बाईनं स्वतःच कॉफी अंगावर सांडून घेतली आणि कंपनीकडून तीस लाख डॉलर उकळले. दुसऱ्या एका महाभागानं मोटारघर रस्त्यावर क्रूझ कंट्रोलला, म्हणजे ठरलेल्या वेगावर आपोआप चालायला, लावलं आणि मागं जाऊन कॉफी करत बसला. गाडी उलटली, तर त्यालाही साडेसतरा लाख डॉलर आणि वर नवी गाडी! माझा मुलगा न्यू जर्सीत आहे, तो म्हणतो तिकडं रस्त्यावर वकिलांच्या जाहिरातींचे मोठे फलक असतात. आपल्याकडं म्हणतात शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तिकडं शहाणा तोच दिसतो, जो पायरी चढतो. हे लोक खुळे झालेत का?
एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: मोटारघराची गोष्ट आधी निकालात काढतो. असा दावा कुठल्याही कोर्टात झालेला नाही. निव्वळ बनाव आहे. वीसेक वर्षं तो फिरतोय, फक्त आधी ई-मेलवर होता, आता तुमच्या कट्ट्यावर आला.

कॉफीचा दावा मात्र खरा. आणि तुमच्या मेसेजमध्ये जे गाळलंय, तेच त्यातलं महत्त्वाचं.

फेब्रुवारी १९९२. न्यू मेक्सिको राज्यातलं अल्बुकर्की शहर. ७९ वर्षांची आजी नातवाच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसलेली. मॅकडोनाल्ड्सच्या खिडकीतून ४९ सेंटची कॉफी घेतली. नातवानं गाडी बाजूला उभी केली, कारण आजीला साखर आणि दूध घालायचं होतं. गाडीत कप ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं तो गुडघ्यांत धरला आणि झाकण ओढलं. सगळी कॉफी मांडीवर. अंगावर सुती ढगळ पँट, तिनं ती शोषून घेतली आणि कातडीला धरून ठेवली. कॉफी किती गरम? कंपनीचा स्वतःचाच दंडक ८२ ते ८८ अंश सेल्सियसचा होता. एवढ्या उष्णतेला दोन ते सात सेकंदांत कातडी खोलवर जळते, हे साक्षीत आलं. आपण टपरीवरचा चहा बशीत ओतून फुंकर घालून पितो, ते उगाच नाही! आजी आठ दिवस इस्पितळात होती, कातडीचं रोपण करावं लागलं.

आता पुढचं ऐका. ती आधी कोर्टात गेलीच नाही. खर्चापोटी साधारण वीस हजार डॉलर द्या, म्हणाली. कंपनीनं आठशे देऊ केले. मग दावा. दाव्यात निघालं की आधीच्या दहा वर्षांत अशाच भाजण्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडं आल्या होत्या. १९९४ च्या ऑगस्टमध्ये ज्युरीनं दोन लाख डॉलर भरपाई ठरवली, त्यातले २० टक्के आजीच्या स्वतःच्या चुकीचे म्हणून कापले. वर २७ लाख दंडात्मक म्हणून लावले. हा आकडा त्यांनी हवेतून काढला नव्हता. कंपनीची दोन दिवसांची कॉफीची विक्री अंदाजे तेवढी होती. न्यायाधीशांनी दंड ४ लाख ८० हजारांवर आणला, म्हणजे एकूण ६ लाख ४० हजार. पुढं दोन्ही बाजूंनी आपसांत मिटवलं, आकडा गुप्त ठेवला. तुमच्या मेसेजमध्ये २७ लाखांचे तीस झाले आणि आठशे डॉलर गायब झाले.

आता वकिलांचं. अमेरिकेत अशा दाव्यात वकील पक्षकाराकडून आधी छदाम घेत नाही. जिंकलं तर वसुलीचा हिस्सा, बहुधा एक तृतीयांश. हरलं तर शून्य, वर डॉक्टरांच्या साक्षीचा वगैरे खर्च गळ्यात. आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियमांनी असा हिस्सा ठरवायला बंदी आहे, आणि मी तरुणपणी या बंदीचा मोठा अभिमान बाळगायचो. आता तेवढा राहिलेला नाही. कारण ज्याचे स्वतःचे पैसे आणि दोन वर्षं अडकणार, तो वकील पोकळ दावा हातात घेताना चार वेळा विचार करतो. आपला वकील दर तारखेला फी घेतो, त्याला पोकळ आणि भरीव दावा सारखाच.

पोकळ दावा कसा असतो, तेही त्याच देशात बघायला मिळतं. २००५ साली वॉशिंग्टनमधल्या एका गृहस्थानं तक्रार केली की ड्रायक्लीनरनं आपली पँट हरवली. दुकान चालवणारं कुटुंब कोरियातून आलेलं. दुकानात पाटी होती, ‘समाधानाची हमी’. त्या हमीवर बोट ठेवून पठ्ठ्यानं दावा लावला, मागणी वाढवत वाढवत ६ कोटी ७० लाख डॉलरवर नेली, मग मेहेरबानी म्हणून ५ कोटी ४० लाखांवर आणली. एका पँटीचे! २००७ मध्ये तो साफ हरला. पण हा गृहस्थ स्वतः वकील, वर प्रशासकीय न्यायाधीश. स्वतःचा दावा स्वतःच चालवत होता, त्यामुळं हिस्सा घेणारा कुठलाही वकील वाटेत आडवा आला नाही. त्याचं काही जात नव्हतं, जात होतं ते दुकानदाराचं. शेवटी त्याची न्यायाधीशाची नोकरी गेली, आणि २०२० मध्ये वकिलीची सनद ९० दिवसांसाठी निलंबित झाली.

म्हणून मेसेज आला की मागणीचा आकडा बघू नका. हरला तर कुणाचं काय जातं, ते विचारा.

फलकांचं म्हणाल तर १९७७ पर्यंत तिकडंही वकिलांना जाहिरात करायची चोरी होती. ॲरिझोनातल्या एका प्रकरणात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ती मोकळी केली. आपल्याकडं अजून मनाई आहे. मला साधी पाटी लावतानासुद्धा अक्षरं फार मोठी नाहीत ना, ते बघावं लागलं होतं.

प्रश्न: काका, लेक आणि जावई जपानात नागोयाला असतात. चार महिने त्यांच्याकडं राहून आले. तिथं कुणी कुणाला कोर्टात खेचत नाही म्हणे. आपल्यापेक्षा ती माणसंच समंजस असतील का?
एक वाचिका, कोथरूड

उत्तर: ताई, समंजस असतीलही. पण तुम्ही जिथं राहून आलात, त्याच्याच शेजारच्या प्रांतातली एक हकिकत सांगतो. सुझुका नावाचं गाव, १९७७ सालचा मे महिना. एका आईला बाजारात जायचं होतं. तीन वर्षांचा मुलगा शेजारच्या मुलाबरोबर रमला होता, म्हणून त्याला तिथंच ठेवून ती गेली. शेजारी घर आवरण्यात गुंतलेले. पोर खेळता खेळता जवळच्या तळ्यात गेलं आणि बुडालं.

आईबापांनी शेजाऱ्यांवर दावा केला, सरकारवर आणि नगरपालिकेवरही केला. १९८३ च्या फेब्रुवारीत त्सू इथल्या जिल्हा न्यायालयानं एकट्या शेजाऱ्यांना अंशतः जबाबदार धरलं आणि सुमारे ५२ लाख ६० हजार येन द्यायला सांगितले. बातमी छापून आली आणि त्या आईबापांच्या घरचा फोन वाजायला लागला. देशभरातून निनावी फोन, पत्रं. उपकार करणाऱ्या शेजाऱ्याला कोर्टात ओढता? मेलेल्या पोरावर पैसे करता? इतकं झालं की त्यांनी जिंकलेला दावा मागं घेतला. मग लोक शेजाऱ्यांच्या मागं लागले, तुम्ही अपील करताच कसे म्हणून! शेवटी त्या देशाच्या न्याय मंत्रालयाला जाहीर निवेदन काढावं लागलं की कोर्टात जाणं हा नागरिकाचा हक्क आहे.

हा दावा बरोबर होता की चूक, यावर मी आमच्या बाररूममध्ये एकदा दुपारभर वाद घातलाय. माझं मत अजून डळमळीत आहे. पण तो पोकळ नव्हता, एवढं नक्की. जपानमध्ये हरल्यावर तर जातंच, जिंकल्यावरही जातं. शिवाय तिथं वकील तरी किती? १९९० पर्यंत वर्षाला पाचशेच्या आसपास लोक वकिलीच्या परीक्षेतून आत यायचे. आज सगळे मिळून ४५ हजारांच्या घरात आहेत, अमेरिकेत तेरा लाख. दुकानच बंद असेल, तर गिऱ्हाईक काटकसरी आहे असं म्हणायचं कसं?

मला विचाराल तर न्यूझीलंडचा रस्ता आवडतो. १९७४ पासून तिथं अपघातात इजा झाली की सरकारी निधीतून उपचार आणि भरपाई मिळते, चूक कुणाची हे न बघता. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी दावा लावायचा हक्क काढून घेतलाय. आजीची कॉफी तिथं सांडली असती तर आपल्याला कळलंही नसतं. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या वकिलाचाही खर्च द्यायचा, त्यामुळं गरीब माणूस खरा दावा लावायलाही बिचकतो. जर्मनीतही हरणाराच देतो, पण तिथं पुष्कळ घरांनी वकिलाच्या खर्चाचा विमाच उतरवलेला असतो, त्यामुळं कुंपणावरच्या झुडपासाठीही कोर्ट.

प्रश्न: साहेब, चुलतभावानं माझ्या गटावर पोकळ दावा लावलाय. वाटप तीस वर्षांपूर्वी झालं, फेरफार झाला, सातबारा माझ्या नावावर आहे. जमीन विकायला काढली तसा हा उपटला. दावा फेटाळला तर माझा खर्च त्याच्याकडून मिळेल का?
एक वाचक, कोरेगाव

उत्तर: तुमच्या पत्रातली जमीन कोरेगावची निघाली, म्हणून हे सांगायला जड जातंय.

वकिलीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. गुळाची दलाली करणारा एक पक्षकार माझ्याकडं आला. चुलतभाऊ कोरेगावातलेच ३८ गुंठे परक्याला विकणार होता, ते याला नको होतं. कागद बघितले, दाव्यात दम नव्हता. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, “वकीलसाहेब, जिंकायचं कुणाला हाय? निस्तं लागू द्या.” आणि मी लावला. दावा लावला आणि दुय्यम निबंधकाकडं ‘लिस पेंडन्स’ची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवली. बाकी देशात दावा चालू असणं एवढंच पुरतं, महाराष्ट्र-गुजरातेत ती नोटीस नोंदवावी लागते. एकदा नोंदली की खरेदीदार शोध घेतो, दावा दिसतो, इसार परत मागतो. तसंच झालं.

दावा अकरा वर्षं चालला. वादी आणि प्रतिवादी एकाच एसटीनं यायचे, एक चालकामागं, दुसरा शेवटच्या बाकावर. दर तारखेला मला पन्नास रुपये, दिवाळीला गुळाची ढेप. पक्षकार वारला, वारस लावले, वारसांना रस नव्हता. दावा गैरहजेरीत निकाली. त्या चुलतभावानं जमीन काढली होती ती मुलीच्या लग्नासाठी, हे मला सातव्या की आठव्या वर्षी कळलं, तेही बेलिफाकडून. तोवर ती सासरी जाऊन दोन पोरांची आई झाली होती. लग्न त्यानं सावकाराच्या पैशावर केलं.

खर्च? निकालात एक ओळ, ‘खर्चाबाबत हुकूम नाही’.

दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ३५-अ आहे. दावा खोटा किंवा त्रास द्यायला लावलेला ठरला तर भरपाईचा खर्च देता येतो. कमाल मर्यादा तीन हजार रुपये! आकडा १९७६ च्या दुरुस्तीतला आहे. बड्या व्यापारी दाव्यांना २०१५ च्या कायद्यानं ही मर्यादा काढून टाकली, तुमच्या-आमच्या बांधाला ती आहे तशीच. हा हुकूम मी ४१ वर्षांत किती वेळा बघितला असेल, ते एका हाताच्या बोटांवर मावतं. देशात पाच कोटींवर प्रकरणं पडून आहेत असं आपण ऐकतो, त्यातली किती नुसती ‘लागलेली’ असतील ते माझ्यासारख्यांना विचारा.

दावे लावत सुटणाऱ्या सराईतासाठी वेगळा कायदा आहे, १९७१ चा, आपल्याच राज्याचा. मूळ कल्पना इंग्लंडची. तिथं एका गृहस्थानं पाच वर्षांत ४८ दावे लावले, त्यातून १८९६ चा कायदा आला. पण त्यात महाधिवक्त्यांनी, म्हणजे राज्य सरकारच्या मुख्य वकिलांनी, उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तुमच्या एका चुलतभावासाठी ते मुंबईहून हलणार नाहीत.

म्हणून आता हे करा. वकिलांना सांगा, कैफियतीतच, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरातच, स्पष्ट लिहा की दावा खोटा आहे आणि वादीला ते माहीत आहे. तो आक्षेप आधी घेतला नसेल तर ३५-अ मागता येत नाही, आणि नेमकं हेच लिहायचं राहतं. वादपत्र मुळातच टिकत नसेल तर आदेश ७ नियम ११ खाली ते फेटाळायचा अर्ज पहिल्या टप्प्यातच द्या. वाटपाचा कागद, फेरफाराचा उतारा आणि जुने सातबारे, सगळ्याच्या सही-शिक्क्याच्या नकला आजच काढा. मनाई हुकुमाच्या अर्जावर म्हणणं द्यायला तारीख मागू नका, तुमच्या बाजूनं मागितलेली प्रत्येक तारीख त्याचीच बक्षिसी. आणि लोकअदालतीची नोटीस आली तर नाक मुरडू नका. तिथं मिटलं तर वादीला त्याची कोर्ट फी परत मिळते. चुलतभावाला हे कुणीतरी सांगा, मावशीबिवशी असेल एखादी.

प्रश्न: काका, मला लॉला जायचंय. वडील म्हणतात, खोटं बोलायचा धंदा आहे. काय सांगू?
एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर: बाळ, वडील पूर्ण चुकीचे नाहीत, वरचं उत्तर त्यांना वाचायला दे. मग हे दे. १८९३ मध्ये गांधीजी एका व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. चाळीस हजार पौंडांचा दावा, दोन्ही पक्ष नात्यातले. त्यांनी तो लवादाकडं नेला. त्यांचा पक्षकार जिंकला, ३७ हजार पौंड आणि खर्च. एकरकमी द्यायचे तर हरणाऱ्याचं दिवाळं निघालं असतं. गांधीजींनी स्वतःच्या पक्षकाराला गळ घातली आणि लांब मुदतीचे हप्ते पाडून दिले. त्यांनीच लिहून ठेवलंय की लवाद मान्य करण्यापेक्षा हप्ते मान्य करून घेणं जास्त अवघड गेलं.

प्रवेश मिळाला की कळव. माझी दिवाणी प्रक्रिया संहितेची जुनी प्रत आहे, बांधणी सैल झालीय, पण समासात टिपणं भरपूर आहेत. पोस्टानं पाठवतो. टपालखर्च तुझा.