नट म्हणावं की अभिनेता, श्रेष्ठ म्हणावं की थोर?

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणाऱ्या ताई तिथल्या वाचनालयाचं काम बघतात. त्यांचं पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

"गणपतीत आमच्याकडे भजन झालं, मंडळी ओटीवर उसळपाव खायला बसली आणि जगातला सगळ्यात मोठा सिनेनट कोण यावर जुंपली. तात्या दिलीपकुमारवर अडून बसले. मुंबईहून आलेला पुतण्या म्हणाला, अमिताभच 'गोट', म्हणजे आजवरचा सर्वश्रेष्ठ. आणखी एकाने कमल हासनचा झेंडा धरला. मी स्मिता पाटीलचं नाव घेतलं, तर सगळे म्हणाले, आपण नटांबद्दल बोलतोय, नट्यांबद्दल नाही. आता दिवाळीनंतर वाचनालयात याच विषयावर रीतसर चर्चा ठेवतोय आणि फलक रंगवायला द्यायचा आहे. 'सार्वकालिक महान अभिनेता कोण?' लिहावं, 'सर्वकालीन सर्वश्रेष्ठ नट' लिहावं, की आणखी काही? 'नट' हा शब्द हलका तर वाटणार नाही ना?"

ताई, तुमच्या ओटीवरचा वाद मिटला नाही याचं मला नवल वाटत नाही. 'मोठा' कोण यावर भांडण दिसत होतं, पण खरी गाठ पुढच्या शब्दात होती. कुणाच्या मनात नट होता, कुणाच्या अभिनेता, कुणाच्या नायक. विशेषण ठरवण्याआधी नाम ठरवायला हवं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अभिनेता, नेता आणि नायक हे तिन्ही शब्द 'नी' या एकाच धातूचे. नी म्हणजे नेणे. नायक पुढे चालतो आणि गोष्टीला, लोकांना आपल्यामागे नेतो. 'अभि' म्हणजे कडे, समोर. म्हणून अभिनेता अर्थ उचलून प्रेक्षकाकडे नेतो, पार त्याच्यापर्यंत पोचवतो. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. शरीर, वाणी, वेशभूषा आणि मनातला भाव, असे अर्थ नेण्याचे हे चार रस्ते.

आता तुमचा पुतण्या काय म्हणत असेल ते मी न ऐकताही सांगू शकतो. तो आवाज, दरारा, 1969 पासून आजपर्यंत टिकलेली गर्दी याबद्दल बोलला असणार. ही सगळी नायकाची मापं आहेत आणि अमिताभला लोक 'महानायक' म्हणतात ते अगदी नेमकं आहे. तात्या बोलले असतील ते दिलीपकुमारच्या थांबण्याबद्दल, वाक्य अर्धवट सोडून नजर वळवण्याबद्दल. ही अभिनेत्याची मापं, आणि दिलीपकुमारला हिंदीत 'अभिनयसम्राट' म्हणत. दोघांनीही खरं तेच सांगितलं, फक्त दोन वेगळ्या शब्दांबद्दल सांगितलं. अमिताभकडे अभिनेत्याचाही हिशेब आहे, चार राष्ट्रीय पुरस्कार आहेत. पण वाद घालताना पुतण्याने तो पुढे केला नसेल, कारण त्याच्या मनातला शब्द वेगळा होता.

मग 'नट'? हा शब्द 'नट्' धातूचा, आणि त्याच्यामागे 'नृत्' म्हणजे नाचणे उभा आहे. नाटक, नाट्य, नटराज ही सगळी त्याची भावंडं. तो हलका वाटण्याचं कारण मराठीतच आहे. आपण आरशासमोर 'नटतो', कुणी खोटं रडलं तर 'नाटकं करतो' म्हणतो, 'सोंग' आणि 'ढोंग' जोडीने बोलतो. रोजच्या बोलण्यात अभिनयाच्या जवळचे शब्द संशयाने वापरायची आपली सवय जुनी आहे. पण जिथे मान द्यायचा असतो तिथे मराठीने नेमका हाच शब्द उचलला आहे. नटवर्य केशवराव दाते, नटवर्य मामा पेंडसे. 'नटसम्राट' हे बिरुद बालगंधर्वांच्या नावामागे लागत असे, आणि 1970 साली शिरवाडकरांच्या नाटकाने तो शब्द घराघरांत नेला. 'अभिनेतावर्य' कुणी म्हणत नाही, 'अभिनेतासम्राट' तर जिभेवर ठरतच नाही. आपल्या शेजारी कन्नडमध्ये राजकुमार 'नटसार्वभौम' आहेत, तेलुगूत एन. टी. रामारावांनाही तेच बिरुद. ज्या शब्दाला सम्राट आणि सार्वभौम लागतात तो शब्द हलका कसा?

तुमच्याकडे तर त्याचा पुरावा दर हंगामात देवळाच्या आवारात उभा राहतो. दशावतारी नट लिखित संहितेशिवाय उभा राहतो. समोर एक बाक, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज, आणि बाकी सगळं त्याच्या बोलण्यातून उभं करायचं. माझ्या आजोळी जत्रेच्या रात्री मी रंगमंचापेक्षा मागच्या पडवीत जास्त रमायचो. पिवळ्या दिव्याखाली एक माणूस मांडी घालून बसलेला, डाव्या हातात तळव्याएवढा आरसा, उजव्या हाताच्या बोटाने तोंडाला सफेदा लावतोय. तो दुपारी बाजारात दिसला होता, तोच. भुवया काढून झाल्या की तो बोलायचा बंद व्हायचा. मुकुट चढायच्या आधीच राजा झालेला असायचा. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "राजपार्टान काय काम केल्यान रे!" 'अभिनय' हा शब्द कुणाच्या तोंडी नसे. होता तो 'पार्ट', आणि होतं 'काम'.

हा 'पार्ट' जरा बघा. शब्द इंग्रजीतून आला, पण राजपार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट असा संसार त्याने आपल्याकडे थाटला. त्याला परका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पुतण्याच्या 'गोट'बद्दल मात्र माझं मत प्रतिकूल आहे, आणि ते शब्द इंग्रजी आहे म्हणून नाही. 'ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम'ची आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द देवनागरीत लिहिला की त्याची जागा आधीच भरलेली आढळते. विरोधी गोटात खळबळ उडते, साडीला गोट लावतात, हातात सोन्याचे गोट घालतात. 'अमिताभ गोट' असं लिहिलेलं वाचलं की मराठी वाचक आधी त्यांची छावणी शोधतो. बोलण्यात चालू दे, फलकावर नको.

आता स्मिता पाटीलचा मुद्दा, आणि तुम्हाला गप्प केलं ते मला पटलेलं नाही. 'नटी' हा शब्द एके काळी मानाचा. संस्कृत नाटकात सूत्रधाराबरोबर नटी येते आणि प्रस्तावना दोघं मिळून करतात. पुढे वर्तमानपत्रांतल्या 'सिनेनटी'ने त्याचा सूर बिघडवला, म्हणून 'अभिनेत्री' आला. पण 'नट' हा शब्द स्त्रियांसाठीही चालतो. नाटकवाल्यांच्या तोंडी 'ती फार ताकदीची नट आहे' हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे. इतिहासही तुमच्या बाजूचा. 1913 साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, ते काम अण्णा साळुंके यांनी केलं. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. दशावतारात स्त्रीपार्ट आजही पुरुषच करतात. पुरुष सीता होऊनही नट राहतो, तर मग बाई सीता झाली की तिला नट म्हणायला अडचण काय?

आणि बायकांना यादीत घेतलं की सगळं चित्रच बदलतं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर तीनदा मिळवणारा डॅनियल डे-लुईस हा एकटाच पुरुष आहे, पण कॅथरीन हेपबर्न यांच्याकडे अभिनेत्रीची चार आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांत अमिताभचे चार, शबाना आझमींचे पाच. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने 2021 पासून अभिनयाच्या पारितोषिकात स्त्री-पुरुष हा भेदच काढून टाकला. स्मिता पाटील 1986 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेल्या, तोवर त्यांनी दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवले होते. तुमच्या ओटीवर ते नाव सगळ्यात आधी यायला हवं होतं.

विशेषणांकडे येतो. 'उत्कृष्ट' म्हणजे वर ओढून काढलेलं. तो शब्द कामाला शोभतो, म्हणून एका वर्षाच्या एका भूमिकेच्या पारितोषिकाला 'सर्वोत्कृष्ट' म्हणतात ते योग्य. 1954 साली फिल्मफेअरचं पहिलंवहिलं अभिनेत्याचं पारितोषिक 'दाग'साठी दिलीपकुमारला मिळालं, ते त्या कामाचं. 'श्रेष्ठ' हा माणसाला लावायचा शब्द. तो मुळातच 'सगळ्यांत प्रशंसनीय' या अर्थाचा आहे, पाणिनीने 'प्रशस्य'वरून तो साधून दाखवला आहे. त्यामुळे 'सर्वश्रेष्ठ'मध्ये 'सर्व' वाढीव आणि 'श्रेष्ठतम'मध्ये 'तम' वाढीव, असं व्याकरणवाले म्हणतात. मी तितका कडक नाही, कारण यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे. भावना दाटली की माणूस प्रत्ययावर प्रत्यय चढवतो, आणि हे फार जुनं आहे.

'सार्वकालिक'चं प्रकरण वेगळं. सार्वकालिक सत्य म्हणजे कुठल्याही काळात खरं ठरणारं. तसा सार्वकालिक नट म्हणजे ज्याचं काम शिळं होत नाही तो. चॅप्लिन असा आहे. एक शब्द न बोलता केलेलं त्याचं काम आजही आमच्या शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाला समजतं. 'कुंकू' 1937 चा, पण तरुण मुलीशी लग्न करून बसलेल्या म्हाताऱ्याचं केशवराव दात्यांचं काम आज बघितलं तरी अंगावर येतं. ही एक कसोटी झाली. 'आजवरचा सर्वांत मोठा' ही दुसरी. 'सार्वकालिक महान' लिहिलं की दोन्ही कसोट्या एकमेकींत गुंततात, आणि पुढे जन्माला येणाऱ्यांचाही निकाल आपणच लावून मोकळे होतो. तिन्ही काळांना कवेत घ्यायचंच असेल तर मराठीत सोय आहे: झाले, आहेत, होतील, पण 'या सम हा'. आणि साध्या बोलण्यात, 'अभिनयात त्याचा हात धरणारा कोणी नाही.' ज्याला हे वाक्य सुचतं त्याला 'गोट'ची गरज उरत नाही.

या सगळ्यात एक क्रियापद माझं फार आवडतं, ते चर्चेत नक्की वापरा: वठणे. 'भूमिका वठली' असं आपण सहज म्हणून जातो. पण वठतं आणखी काय? हुंडी वठते, धनादेश वठतो. 'धनादेश न वठल्याप्रकरणी गुन्हा' अशी बातमी आपण नेहमी वाचतो. कागदावर लिहिलेली रक्कम समोरच्याच्या हातात खरोखर पडली, म्हणजे वठणे. भूमिकेचंही तसंच आहे. लेखकाने कागदावर माणूस लिहिला, नटाने तो आणला, आणि प्रेक्षकाच्या हाती खरा माणूस पडला तर ती वठली. आपली म्हण सांगते की सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. तसंच खऱ्या माणसाचंही आणता येत नाही.

म्हणून माझं मत बलराज साहनींना. माझे वडील गिरणीत होते. गावच्या बाकीच्या मंडळींसारखेच एका खोलीत वळकट्या टाकून राहिलेले, दर महिन्याला मनीऑर्डर पाठवणारे. त्यांनी 'दो बीघा ज़मीन' बघितला. दोन बिघे जमीन जमीनदाराच्या हाती जाऊ नये म्हणून कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढणारा शंभू. रिक्षातलं गिऱ्हाईक जास्त पैशाची लालूच दाखवत त्याला पळवतं, तो घोड्यासारखा पळतो, आणि शेवटी चाकच निखळतं. वडील एकच वाक्य बोलले: "हो नट न्हय रे, हो आमच्या चाळीतलो कोणतरी." बलराज साहनी लाहोरला इंग्रजीत एम.ए. झालेले, लंडनला बीबीसीत निवेदक असलेले, आणि या कामासाठी कलकत्त्यात स्वतः रिक्षा ओढायला शिकलेले, हे मला फार पुढे कळलं. वडिलांना ते कधीच माहीत नव्हतं. त्यांच्या हाती शंभू पडला होता, पुरेपूर.

आता फलक. 'महान' चूक नाही, पण 'थोर' आपला आहे, प्राकृतातून आलेला, लहानथोरांमधला. त्याचा आणखी एक गुण तुमच्या कामाचा: तो लिंगानुसार बदलत नाही. थोर पुरुष, थोर स्त्री, थोर नट. मात्र 'आजवरचा' लिहिलंत की लगेच पुरुष येऊन बसतो, म्हणून तो प्रत्ययच काढून टाका. माझ्या मते मजकूर असा असावा: 'आजवर सर्वांत थोर नट कोण?' खाली लहान अक्षरांत, 'अभिनेते आणि अभिनेत्री दोन्ही.' आणि 'सर्वांत'मधल्या 'वां'वर अनुस्वार हवाच, कारण 'सर्वांमध्ये' हा अनेकवचनी अर्थ तोच सांगतो. पेंटरला हे कागदावर लिहून द्या; तोंडी सांगितलं की तो अनुस्वार हमखास गळतो.