लेझरने लघुग्रह फोडता येईल का? आणि त्याच लेझरने अवकाशातून वीज पाठवता येईल का?

फोडायचा कशाला, ढकलला तरी पुरे. दगडाचा पृष्ठभाग तापून वाफ उडते, त्या वाफेच्या धक्क्याने त्याची वाट बदलते.

मी भोसरीत फायबर लेझरवर पत्रे कापतो. माझे साडू सॉफ्टवेअरवाले. लोणारला विवराच्या काठावर उभे राहून म्हणाले, "आता असा दगड आला तर वरच्या वर उडवतील. लेझर पसरत नाही ना!" मी म्हटलं, पसरतो. तर म्हणे, "तुमचं काम बटण दाबायचं हो."

हे लागलं मला. पुढच्या रविवारी त्यांना शॉपवर नेलं. तीन किलोवॅटचं मशीन, दोन एमएमचा एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा पत्रा. फोकसवर सर्रकन कापला. मग हेड दोन इंच वर घेतलं, पॉवर तीच. पत्र्यावर नुसता निळसर-तपकिरी पट्टा उमटला. साडू काय म्हणाले? "मशीन जुनं दिसतंय."

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फिलिप ल्युबिन आणि गॅरी ह्यूज या शास्त्रज्ञांनी लघुग्रहांवर लेझर मारायची डी-स्टार ही कल्पना मांडली. सूर्य आपल्यापासून आहे तितक्या लांबचा ५०० मीटरचा लघुग्रह वर्षभरात वाफ करायचा, तर लेझरची मांडणी १० किलोमीटर रुंद हवी! ठिपका लहान ठेवायला एवढा पसारा. त्याच वर्षी फेब्रुवारीत रशियातल्या चेल्याबिन्स्कवर साधारण २० मीटरचा दगड फुटला. तो सूर्याच्या बाजूने आला, आधी कुणाला दिसलाच नाही. नेम कशावर धरणार? त्यापेक्षा २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने सरळ धडक मारून डिमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहाची त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी केली, ते मला पटतं.

विजेचं म्हणाल तर लेझरला ढग आडवे येतात. जुलैत पुण्यात काय करणार? अमेरिकी अभियंता पीटर ग्लेसरने १९६८ मध्येच ढगांतून पार जाणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी सुचवल्या होत्या. शिवाय आमच्या मशीनशेजारी ते थंड ठेवणारा कपाटाएवढा चिलर दिवसभर घरघरतो. वर अवकाशात ना हवा ना पाणी, उष्णता नुसती किरणांनी बाहेर टाकायची. हे साडूंना विचारा.

एक मात्र कबूल करतो. माझ्या पत्र्याचा प्रकार लेन्सच्या फोकसचा होता, अवकाशात झोत पसरतो तो तरंगलांबीमुळे. दोन्ही एक नव्हेत. साडूंना अजून हे सुचलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.